वाचवायला हवं होतं का?

१

बुधवारी सकाळी नव्या कॉमिक्सचा गठ्ठा आला, की दादा तो जेवायच्या टेबलावरच सोडायचा. वहिनी ताटं उचलून ओट्यावर नेऊन ठेवायची. दुपारपर्यंत दादाचं सगळं वाचून व्हायचं आणि मग आम्ही भावंडं मागच्या खोलीकडे वळायचो.

ती खोली मुळात सामान ठेवायची होती. तिला खिडकी नव्हती. भिंतींना आम्ही करडा स्पंज चिकटवला होता आणि दाराला आतून जाड रजई ठोकली होती. आत एक टेबल, माईक आणि दादाची खुर्ची एवढंच. माझं टेबल दाराबाहेर बोळात होतं. दारात रजईने न झाकलेली काचेची एक अरुंद पट्टी होती, तिच्यातून मला त्याचा चेहरा आणि हात दिसायचे. तो बोलायचा, मी कानाला हेडफोन लावून रेकॉर्ड करायचे आणि नंतर त्यातलं खोकणं, खुर्चीचं करकरणं, ओठांची चपचप कापून टाकायचे. मला बारीकसारीक ऐकू येतं. जिन्यात पाय वाजला, की कोण ते ओळखते. त्यामुळे दादा-वहिनी दोघंही मला कानसेन म्हणत.

आमचा इंटरनेटवरचा कार्यक्रम सुपरहिरोंच्या नव्या अंकांच्या समीक्षेचा होता. दादाने त्याला वाक्य शोधलं होतं, ‘आम्ही वाचतो, म्हणून तुम्ही वाचता.’ सुरुवातीला तो सरळ समीक्षा करायचा. कथा कुठे फसली, रंग कुठे भडक झाले. ऐकणारे बेताचेच होते. मग एकदा निळ्या प्रहरीच्या अंकात एक पूल कोसळला आणि प्रहरीने एका जाडगेल्या कारकुनाला अलगद झेललं. जमिनीवर आल्यावर त्या कारकुनाने आभार मानायचे सोडून आपली बॅग कुठे गेली ते विचारलं. दादा थांबला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “याला वाचवायला हवं होतं का?” थोडा वेळ घेऊन त्यानेच उत्तर दिलं, “नाही.”

लोकांना ते फार आवडलं. पुढे ते कार्यक्रमाचं शेवटचं सदरच झालं. प्रत्येक अंकात कोणी ना कोणी बचावायचंच. दादा त्या माणसाची झाडाझडती घ्यायचा. कपडे, चेहरा, घरी कोण असेल, कोणाला याची आठवण येईल. आणि निकाल द्यायचा. तो बहुतेक ‘नाही’च असायचा. मीही हसायचे.

वहिनी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. कार्यक्रम ती ऐकत नसे. एकदाच म्हणाली होती, की चित्रकार त्या बिचाऱ्यांना दोन रेघांत उरकतो, त्यांच्यात एवढं तपासण्यासारखं असतं तरी काय.

२

ज्वालिनीचा नवा अंक आला त्या आठवड्यात मला पहिल्यांदा खटकलं. ज्वालिनीने जळत्या इमारतीतून एक म्हातारी बाहेर काढली होती. दादाने तिची यथेच्छ सालं काढली आणि “नाही” म्हटलं. त्याच्यामागोमाग रेकॉर्डिंगमध्ये पान उलटल्याचा आवाज होता.

यात विशेष काय, कोणीही म्हणेल. माणूस कॉमिक्स घेऊन बसलाय, पान उलटणारच. पण दादा पानं फटकन उलटतो, गुळगुळीत कागद चर्र वाजतो. हा आवाज सावकाश होता. आधी बोट जिभेला लावल्यासारखं काहीतरी, मग जाड, मोठा कागद उचलला जाताना होते तशी सळसळ, आणि पलीकडे टेकताना हवेचा फुसकारा. शिवाय ‘नाही’ म्हणताना मी काचेतून त्याच्याकडेच पाहत होते. त्याने दोन्ही हातांनी चहाचा कप धरला होता.

मी रीतसर शोध घेतला. वायर बदलली, माईक बदलला, पंखा बंद ठेवला. खोलीतला कागदाचा कपटाही बाहेर काढून दादाला तोंडपाठ बोलायला लावलं. आवाज आलाच. रिकामी खोली रेकॉर्ड केली, तेव्हा काही नाही. मी स्वतः आत बसून बडबडले, तेव्हाही काही नाही. दादाने कधीमधी लहर लागून ‘हो’ म्हटलं, तर शांतता. फक्त त्याच्या ‘नाही’नंतर ते पान उलटायचं.

मी त्याला ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, छान वाटतंय की, राहू दे.

३

मी ज्वालिनीचा तो अंक पुन्हा काढला. कशासाठी, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

त्या पानावर ज्वालिनी ज्वाळांतून वर झेपावत होती. तिचे हात कोपरांत वाकलेले होते, पंजे वजन पेलायला ताठ पसरलेले, पाठीला ओझ्याने आलेला बाक तसाच. हातांत मात्र कोणी नव्हतं. तिथे आकाश होतं. मी भिंग आणून पाहिलं. खोडलेलं नव्हतं, फिकटलेलं नव्हतं. छपाईचे निळे ठिपके एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत न तुटता गेले होते.

अंक घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने फळीवरचा अंक उघडला. त्यात म्हातारी होती. एका पायात सपाता, दुसरा पाय उघडा, आणि डोळे घट्ट मिटलेले. त्याने माझ्या प्रतीकडे पाहिलं, पान उजेडात धरलं आणि छपाईत असं होतं कधीकधी म्हणाला, बदलून देतो. मी नको म्हटलं. घरी येऊन मागचे अंक काढले. जिथे जिथे दादाने ‘नाही’ म्हटलं होतं, तिथे तिथे हात रिकामे होते. पुलाखाली प्रहरी हवेत तरंगत होता, दोन्ही हातांचा पाळणा करून, आणि पाळण्यात नदी दिसत होती. शिशाचा माणूस खाणीतून बाहेर येत होता, खांद्यावर कोणाला तरी टाकल्यासारखा एका बाजूला झुकून, एकटाच.

दादाला दाखवलं. चेहऱ्यावरून वाटलं, की आता घाबरेल. पण त्याने पानं पुढेमागे करून पाहिली आणि हसला.

“म्हणजे चित्रकारालाही पटलं म्हणायचं.”

४

त्यानंतरच्या भागाला एका ऐकणाऱ्याने प्रश्न पाठवला होता, की इतरांना तोलता, तुम्ही स्वतः कधी कोणाला वाचवलंय का. दादाला असं काही हवंच असतं. माईकसमोर बसून त्याने वहिनीची गोष्ट काढली.

आमच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. लग्नाच्या आधीची. दोघं ओळखीतल्या लोकांबरोबर समुद्रावर गेले होते. वहिनी गुडघाभर पाण्यात उभी होती, तेवढ्यात परतणाऱ्या लाटेने तिचे पाय काढून घेतले. कोणाच्या लक्षात येईपर्यंत ती बरीच आत गेली होती. दादा कपड्यांसकट आत शिरला आणि तिला केसांना धरून बाहेर ओढत आणलं. ती त्याच्या बुटांवर ओकली. तिथून जमलं.

त्याने ती फार सुंदर सांगितली. लाटेचा आवाज तोंडाने काढला, बुटांवर नेमका थांबला. मीही ऐकता ऐकता हसले. आणि मग त्याचा आवाज गोड झाला.

मी काचेवर बोटं आपटली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात हात हलवून नको नको करत होते. मला काय म्हणायचंय ते त्याला समजलं होतं, यात मला शंका नाही. त्याला गंमत वाटली. माझ्याकडे बघत, माझ्यासाठीच म्हटल्यासारखं तो म्हणाला, “नाही.”

हेडफोनमध्ये पान उलटलं. नेहमीपेक्षा सावकाश.

मी मागे वळले, तर वहिनी बोळात उभी होती. दवाखान्यातून लवकर सुटली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. दाराखालच्या फटीतून दादाचं बोलणं बोळात ऐकू यायचंच. ती रागावली नाही. फक्त विचारलं, “हेपण बाहेर जाणार का गं?”

मी म्हटलं, कापते. आणि खरंच कापलं. ऐकणाऱ्यांपर्यंत त्यातलं अक्षर गेलं नाही. त्याने काय फरक पडायचा होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

५

आधी तिला चहा खारट लागायला लागला. मग पाणी. तिने साखरेचे आणि मिठाचे डबे धुऊन, पुसून पुन्हा भरले. दादा म्हणाला, दवाखान्यातली औषधं हुंगून हिची जीभ गेली.

मला दुसरंच काही जाणवत होतं. वहिनीची चाल मला पाठ होती. डावी टाच जरा घासत चालायची ती. एका दुपारी मी टेबलाशी काम करत असताना ती माझ्या पाठीमागून गेली. साडीचा वारा लागला, साबणाचा वास आला, पण पावलं वाजली नाहीत. मी वळून पाहिलं. ती भिंतीला हात लावत लावत पुढे चालली होती, अंधारात चालावं तशी, आणि बोळात तर लख्ख उजेड होता.

मी तिला पलंगावर बसवलं. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. हळूच म्हणाली, कोणाला सांगू नकोस, वेडी म्हणतील.

“माझे पाय टेकत नाहीयेत गं.”

मी खाली वाकून पाहिलं. तळवे फरशीला लागलेले होते. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, दिसतात, मलाही दिसतात.

डॉक्टरांनी कान तपासले, रक्तदाब पाहिला, तोल जाण्यावरच्या गोळ्या दिल्या. मीही स्वतःला तेच बजावत होते, की माणसाचा तोल कानात असतो, कान बिघडला की जमीन सुटल्यासारखी वाटते. त्यात अघटित काही नाही. पण दिवसागणिक तिचा आवाज बदलत होता. ती समोर बसून बोलायची आणि शब्द मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखे दबके यायचे. बोलताना मध्येच हनुवटी वर करायची. एकदा मी विचारलं, असं का करतेस. तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मग मला कळलं. तोंड पाण्याच्या वर ठेवायला माणूस तसंच करतो.

६

मी दादाच्या मागे लागले. सगळं मांडलं, रिकाम्या हातांचे अंक पुढ्यात टाकले, आत जाऊन निकाल बदल म्हणून विनवलं. तो आधी हसला, मग चिडला, तुझं डोकं ठिकाणावर नाही म्हणाला. तेवढ्यात वहिनी बोळाच्या टोकाला आली. एका हाताने दाराची चौकट धरून दुसरा हात ती सावकाश मागेपुढे करत होती, वर राहण्यासाठी. दादाचं बोलणं तुटलं. तो उठून खोलीत गेला.

मी रेकॉर्डिंग चालू केलं. “हो,” तो म्हणाला, “तिला वाचवायला हवं होतं.” काहीच झालं नाही. मी खूण केली, पुन्हा. तो पुन्हा म्हणाला. वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणाला, हळू, मोठ्याने, तिचं नाव घेऊन. हेडफोनमध्ये पान हललं नाही. मात्र त्याच्या बोलण्याच्या मधल्या जागांत मला एक श्वास ऐकू येत होता. तो दादाचा नव्हता. कंटाळा आलेल्या माणसाने नाकाने सोडावा तसा.

दादा बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी काही विचारायच्या आधी तोच बोलला. “म्हणत होतो, पण सारखं मनात येत होतं, की हे किती रटाळ होतंय.”

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला ओळखते. त्या वेळी त्याला रडायला आलं होतं, आणि तरी जे वाटलं ते त्याला वाटलंच होतं.

७

मग वहिनीच म्हणाली, की मला आत बसू दे. माझ्याबद्दल आहे ना, मीच बोलते.

भर दुपार होती. रस्त्यावरून भंगाराची गाडी खडखडत जात होती. ती जाईपर्यंत आम्ही थांबलो, सवयीने. वहिनी भिंत धरत धरत आत गेली, दादा तिच्यामागून गेला आणि दार लागलं. मी बाहेर हेडफोन चढवले.

ती नीट बोलायला लागली. स्वतःचं वय सांगितलं, दवाखान्यात काय काम करते ते सांगितलं. लहान मुलं तिच्याकडे तोंड उघडतात, डॉक्टरांकडे उघडत नाहीत, असं काहीतरी सांगत होती. त्यात विनवणी नव्हती. कामाच्या जागी आपली माहिती द्यावी तसं. मग शब्दांत बुडबुडे मिसळले.

मी काचेतून पाहिलं. वहिनीचे केस वर चालले होते. वाऱ्याने उडतात तसे नाहीत. आरामात, एकेक बट सुटी होऊन, छताकडे. पदर खांद्यावरून उठून बाजूला पसरला होता. स्पंजाच्या करड्या भिंतींवर पाण्यातला उजेड हलतो तशी जाळी हलत होती, आणि खोलीत दिवा तर माझ्या माहितीतला एकच, पिवळा. तिने दादाकडे हात केला. हातभर अंतर होतं. त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

त्याने ते पुढे केले नाहीत. त्याने मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आणि हेडफोनमध्ये अगदी स्पष्ट आलं.

“चालू आहे ना?”

मी दाराला धडक दिली. आतून कोणी पाठ लावून उभं असावं तसं दार घट्ट होतं. पुन्हा काचेला डोळे लावले, आणि तेव्हा ते पाहिलं. खोलीचा खालचा उजवा कोपरा, जिथे भिंत आणि फरशी मिळतात तो, वर उचलला गेला. फरशी उखडली असं नाही. फरशी, भिंत, त्यांच्यावरची सावली, वहिनीच्या पदराचं टोक, सगळं मिळून एकच पातळ काहीतरी होतं, आणि ते वळलं. त्याच्या कडेवर काहीतरी ठेवलेलं होतं, फिकट, रुंद, ओलसर. त्याला नख होतं.

मी डोळे मिटले. सळसळ ऐकली, फुसकारा ऐकला. डोळे उघडले तेव्हा कोपरा जागच्या जागी होता आणि दार नुसत्या हाताने उघडलं. वहिनी फरशीवर पडली होती. फरशी कोरडी होती. दादा भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात खिशात.

८

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. वहिनीची आई आली, तिने लेकीला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं आणि बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. मूठ उघडून दाखवली. तळहातावर ओली रेती होती, शिंपल्याचा चुरा असलेली.

“केसांतून निघाली,” ती म्हणाली. “घरातच होती ना गं ती?”

मी हो म्हटलं. दादाने येऊन तिला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं. पेला पाहताच ती उठून गेली. तिने आमच्याशी पुन्हा कधी बोलणं ठेवलं नाही.

दादाने काही आठवडे नवा भाग काढला नाही. मी बाहेरून आले की तो त्या खोलीत बसलेला असायचा. मला वाटलं, दुःख करतोय. तो रेकॉर्डिंग ऐकत होता. एका बुधवारी नवा भाग आला, माझ्या हाताखालून न जाता. त्यात अंकांची समीक्षा होती, आणि शेवटी ‘एक छोटं नाट्य’ म्हणून वहिनीचं ते बोलणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कोण आहे, ते सांगितलं नव्हतं.

ऐकणाऱ्यांनी भराभर मतं कळवली. काहींना आवडलं. पण पुष्कळांचं म्हणणं पडलं, की नटीने सुरुवात बरी केली, बुडतानाचा आवाज मात्र खोटा वाटतो, शेवटी काय पुटपुटते ते समजत नाही, मजा जाते. दादाने ते मला वाचून दाखवलं. चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मग म्हणाला, की त्यांचं चुकत नाही, मलाही तिथे खटकतं. तू जरा बसून नीट करून दे.

मी त्याला काय काय बोलले, ते इथे सांगत नाही. तो सगळं ऐकून घेत उभा राहिला. माझं बोलून संपलं आणि तो तिथेच होता. तेव्हा मी हेडफोन घेतले. मला वाटलं होतं, की निदान तिचा आवाज पुन्हा ऐकू येईल.

पाण्याचा घोंगाट मी थोडा थोडा खाली आणत गेले. दादाचं ‘चालू आहे ना’ गेलं. दारावरची माझी धडक गेली. त्याखाली ती बोलत होती. त्या दुपारी माझे कान हेडफोनमध्येच होते, आणि तरी मला ते ऐकू आलं नव्हतं. ती दादाशी बोलत नव्हतीच.

“कानसेन,” ती म्हणत होती, “तू म्हण ना. तू म्हटलंस तरी चालेल. एकदाच हो म्हण.”

मी पुन्हा लावलं. तेच होतं. एवढ्या दिवसांत निकाल दादाने द्यायचा, असंच मी धरून चालले होते. माझ्या ‘हो’ला किंमत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझं तोंड उघडलं. खुर्चीमागे दादा वाकून उभा होता, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. आता म्हणून काय उपयोग, मी स्वतःला म्हटलं. ती गेली. तिला जाळून आलो. आणि हे शब्द मी असे ठेवले, तर बुधवारी जगभर लोक ते ऐकतील आणि त्यांना नावं ठेवतील.

मी ते वाक्य मागून पुढून निवडलं आणि काढून टाकलं. मागे पाण्याचा आवाज जोडला, सांधा कळू नये म्हणून.

दादाने माझ्या कानांवरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानांना लावले. शेवटपर्यंत ऐकलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आता कसं खरं वाटतंय.”